शंभरातले एकसष्ट

जूनचा पहिला आठवडा. इंदूरजवळच्या राऊच्या पुढचं एक शेत, पाच बिघ्यांचं. ओट्यावर ओलं गोणपाट उलगडलंय, त्यावर दहा-दहाच्या ओळीत सोयाबीनचे शंभर दाणे. पाच दिवस ते गोणपाटात गुंडाळून ठेवले होते, रोज पाणी शिंपडून. शेतीत नवी असलेली ती आता कोंब फुटलेले दाणे बोटाने बाजूला सारतेय. एकदा मोजून झालं. परत मोजलं. एकसष्ट.

बाजूला खुर्चीवर काका बसलेत. तिला शेती शिकवायला इंदूरच्या रामबागेतून सकाळी सातच्या आत इथे पोचतात. गोणपाट त्यांनी आल्या आल्याच पाहिलंय, आकड्याचा अंदाजही आलाय. पण बोलत नाहीत. चहा संपवतात आणि मग विचारतात, "हं बेटा, आता काय करशील?"

उगवण सत्तर टक्के असली की नेहमीच्या मात्रेने पेरायचं, हे तिला पाठ आहे. एकसष्टला काय? ती दुकानदारावर घसरते. काका ऐकून घेतात. "पोती टेम्पोतून कशी उतरवली होती?"

ती गप्प. फेकली होती.

सोयाबीनचं साल पातळ, आणि कोंब अगदी सालाला लागून. पोतं आपटलं की दाणा वरून धडधाकट दिसतो आणि मातीत गेल्यावर कुजतो. ही गोष्ट तिला आता कुणी सांगायला नको. वहीत हिशोब होतो: हेक्टरी सत्तर किलो लागायचं, तिथे ऐंशी. इकडे चार बिघ्यांचा हेक्टर. तिचा पेराही चारच बिघ्यांचा, उरलेल्यात गोठा आणि चारा. म्हणजे दहा किलो बियाणं जास्तीचं. पैसे कुठून आणायचे, हा पुढचा हिशोब.

शेतीचं तीन दिवसांचं शिबिर तिनेही केलंय. फाइल मिळाली, प्रमाणपत्र मिळालं, ग्रुप फोटोत ती दुसऱ्या रांगेत आहे. शिबिरं वाईट असतात असं नाही. खंडवा रोडला कस्तुरबाग्रामात कृषी विज्ञान केंद्र आहे, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था तर इंदूरातच. विचारलं की तिथली माणसं सांगतात. पण नव्या माणसाची अडचण वेगळी असते. विचारायचं काय, हेच त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी निदान दोन हंगाम कुणीतरी बांधावर लागतं.

आता हा कंपोस्टचा ढीग बघा, गोठ्यामागचा. इंदूरच्या माणसाने याच्याकडे जरा आदराने बघावं. १९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी केली. हॉवर्ड शेतकऱ्यांना आणि पिकांवरच्या किडींना आपले प्राध्यापक मानत. त्यांच्या जोडीला रसायनाची बाजू सांभाळायला होते यशवंत वाड. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. संस्थेच्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. शेजारून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल, देव जाणे.

पद्धत साधी. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडी राख, पाणी. तीनदा उलथापालथ, आणि तीन महिन्यांत खत. कपाशीच्या पऱ्हाट्या चिवट, लवकर कुजत नाहीत; म्हणून हॉवर्ड त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवत. येता-जाता गाड्यांची चाकंच त्या चिरडत. आमच्या काकांचा यंत्रसंच याहून स्वस्त आहे: एक लोखंडी सळई. ती ढिगात खुपसायची, दहा मिनिटांनी ओढून काढायची आणि हात लावायचा. चटका बसला तर ढीग चालू आहे. आज सळई थंड निघाली. ती खालचा कचरा मुठीत पिळते. पाणी टपटप गळतं.

"गुदमरलाय," ती म्हणते.

काका फावडं तिच्याकडे सरकवतात.

गाईचं शिक्षण पहाटेचं. हंबरणं, अस्वस्थपणा, काचेसारखा लोंबणारा चिकट स्राव: हा माज. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन करून घ्यायचं. चुकला तर पुढचे एकवीस दिवस थांबा, आणि तेवढे दिवस गाय फुकट पोसा. गेल्या खेपेला चुकला होता. त्या दिवसापासून गोठ्यात कॅलेंडर टांगलंय, तारखांभोवती लाल पेनाने गोल.

चोईथराम मंडीचे, म्हणजे इंदूरच्या घाऊक भाजीबाजारातले, धडे इथे दाखवत नाही. तिथे आवाज फार, आणि ते शिकवायला काकाही कमीच पडतात.

जूनअखेर. चार इंच पाऊस होऊन गेलाय. शेजारच्या शेतांत सीड ड्रिल, म्हणजे पेरणीची यंत्रं, फिरू लागलीत. तिच्या बांधावरही ट्रॅक्टर येऊन उभा आहे, ड्रायव्हर घाईत, पुढे अजून दोन शेतं आहेत त्याची. काका आज देवासला लग्नाला गेलेत. दोनदा फोन लावला, उचलत नाहीत.

ती शेताच्या मधोमध जाते. वीतभर खोलवरची काळी माती मुठीत घेऊन दाबते. गोळा होतो. कमरेइतक्या उंचीवरून सोडते. वाफसा, म्हणजे पेरणीजोगा बेताचा ओलावा, असता तर फुटला असता. गोळा चपटा होऊन तसाच पडून राहतो.

दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा तेच.

बांधावर येऊन ती ड्रायव्हरला म्हणते, "भैया, आज नहीं. परसों आना."

फोन वाजतो. काकांचाच. हात मातीने बरबटलेत. पदराला पुसत ती आधी ट्रॅक्टरला वळायला वाट करून देते.