साहेबाचं भांडार, कारकुनाचं भांडार

नमस्कार श्रोतेहो.

1864 साली लंडनच्या मुख्य पोस्टातल्या काही कारकुनांनी पैसे एकत्र करून चहाची पेटी घाऊक भावात घेतली आणि आपसांत वाटली. पगार बेताचा, बाजार चढा. त्या वाटणीतूनच 'सिव्हिल सर्व्हिस सप्लाय असोसिएशन' उभी राहिली.

स्वस्ताई आली कुठून? मुख्यतः उधारी बंद केल्यामुळे. एरवी दुकानदार बड्या लोकांना महिनोन् महिने उधार देत आणि बुडीत रक्कम मालाच्या भावावर चढवत. म्हणजे वेळेवर पैसे देणारा कारकून दुसऱ्याचं बुडवलेलं बिल भरत असे! इथे सगळा व्यवहार रोखीचा आणि नफा अगदी थोडा. दुकानदारांनी एवढी ओरड केली की 1879 साली पार्लमेंटच्या समितीनं या सहकारी दुकानांची चौकशी केली.

याच वाटेनं 1871 साली लष्करी अधिकाऱ्यांनी 'आर्मी अँड नेव्ही' सोसायटी काढली, आणि 1891 साली ती मुंबईत आली. काळा घोड्याजवळची तिची इमारत आजही त्याच नावानं ओळखली जाते.

त्या वेळी हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्याला हुंडणावळीनं, म्हणजे रुपया-पौंडाच्या विनिमय दरानं, घेरलं होतं. पगार रुपयात, मुलांच्या शाळेचा खर्च विलायतेत पौंडात. 1870च्या सुमारास पौंडाला दहा-साडेदहा रुपये पडत. रुपया चांदीचा होता; चांदीचा भाव घसरला आणि 1893पर्यंत सोळा मोजावे लागू लागले. वर्षाला दोनशे पौंड धाडणाऱ्याचा खर्च एकवीसशेवरून बत्तीसशेवर गेला. अडचण खरी होती. पण 1893 साली सरकारनं या युरोपियन नोकरांना हुंडणावळीचा खास भत्ता दिला, तो हिंदी रयतेच्या करातून. 1897 साली हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या भत्त्यावर टीका केली, आणि मला ती पुरेपूर न्याय्य वाटते. त्याच सुमारास दुष्काळानं ज्वारी-बाजरी महागली होती, आणि कचेरीतल्या हिंदी कारकुनाला हा भत्ता नव्हता.

त्याच्या हाती राहिलं ते एकच, आपणच एकत्र येऊन माल घेणं. 1904 साली मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात मध्यमवर्गीय मंडळींनी सहकारी भांडार सुरू केलं. संस्थापकांत होते तिथल्या शाळेचे हेडमास्तर श्रीनिवास शास्त्री. पुढे 1907 साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि गोखल्यांच्या मागे त्याचे अध्यक्ष झाले. 1904चा सहकार कायदा पतपेढ्यांपुरताच होता. ग्राहक भांडारांना त्यात स्पष्ट जागा मिळाली ती 1912च्या कायद्यानं. कायद्याची वाट न पाहता ही माणसं तांदूळ-डाळ तोलायला बसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुंबईत 1948 साली नायगावला कामगारांनी 'अपना बाजार' उभा केला. त्याशिवाय कचेऱ्या, गिरण्या, रेल्वे वसाहतींतून अशी किती लहान भांडारं चालली असतील! आर्मी अँड नेव्हीचे जाडजूड सचित्र कॅटलॉग आज संग्राहक जपून ठेवतात. आपल्या भांडारांच्या वह्या मात्र रद्दीत जातात. श्रोतेहो, आपल्या वडिलांनी, आजोबांनी असं एखादं भांडार चालवलं असेल, तर माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून पाहा. सभासदांची यादी, तुरीच्या डाळीचा भाव, कुणाकडून किती येणं बाकी, असं काहीही सापडलं तरी ते एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवा.

नमस्कार.