सेलिस कुठल्या पडद्यावर गाणार?

(दृश्य: कार्ट्रिजचं, म्हणजे खेळ साठवलेल्या डबीचं लेबल, अगदी जवळून)

लेबलवर रोमन तीन लिहिलाय. पण हा खेळ सहावा आहे. 'फायनल फँटसी' या व्हिडिओ गेम मालिकेचा सहावा भाग जपानमध्ये २ एप्रिल १९९४ रोजी आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पोचला. दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग तोवर तिकडे निघालेच नव्हते, म्हणून तिथल्या मोजणीत हा तिसरा. ठाण्यात, नौपाड्यातल्या या घरात तो आत्याच्या बॅगेतून आला. सोबत हा खेळ टीव्हीवर चालवणारं यंत्र, सुपर निन्टेन्डो, आणि आपल्या घरातला करंट त्याला झेपावा म्हणून एक जड ट्रान्सफॉर्मर. चालू केला की तो अजूनही गुणगुणतो. ऐका.

टेबलापाशी मामा आणि भाची. भाची नेरूळहून आलीय, बारावीची परीक्षा आटोपून. हा खेळ तिने कधीच खेळलेला नाही आणि सुट्टीत तिला तो पहिल्यांदा खेळायचाय. मामाने टेबलावर तीन पडदे मांडलेत: जुना डब्बा टीव्ही, तळहाताएवढा गेम बॉय ॲडव्हान्स आणि भाचीचा स्वतःचा निन्टेन्डो स्विच, हाही हातात धरून खेळायचा. खेळ एकच, व्हर्जन तीन. सुरुवात कुठून करायची?

मामा आधी कार्ट्रिज उघडतो.

(दृश्य: हात, स्क्रू, हिरवं सर्किट)

हे स्क्रू घरातल्या पेचकसाने निघत नाहीत. त्यांचं डोकं वेगळं असतं, त्यासाठी ३.८ मिलिमीटरचं खास टोक लागतं. आत बघा, चार-दोन चिप्स आणि कोपऱ्यात नाण्यासारखी एक बॅटरी. पूर्ण खेळ २४ मेगाबिटचा, म्हणजे ३ एमबी. चौदा पात्रं, दोन जगं, तासन्‌तासांचं संगीत, सगळं तेवढ्यात. आज मोबाईलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा याहून मोठा निघतो.

आपण कुठवर पोचलो ते, म्हणजे सेव्ह, मात्र खेळाच्या मोठ्या चिपमध्ये नसतं. ते शेजारच्या छोट्या चिपमध्ये असतं. तिची क्षमता ८ केबी. वीज बंद झाली की ती सगळं विसरते, आणि तिने विसरू नये एवढंच या बॅटरीचं काम. नवी असताना बॅटरी ३ व्होल्ट दाखवते. मल्टिमीटरवर आत्ता २.३ आहे.

लॅमिंग्टन रोडवरून मामाने पत्र्याचे पाय जोडलेली सीआर२०३२ बॅटरी आणलीय. पायच का? कारण उघड्या बॅटरीवर थेट सोल्डर धरला तर ती तापते, फुगते, फुटूही शकते. पाय असले की उष्णता पायावरच राहते. आता नीट बघा: आधी जुन्या टाक्यावर थोडा नवा सोल्डर, म्हणजे जुना लवकर वितळतो. मग एक पाय मोकळा. मग दुसरा. बोर्डावर अधिक-उणेच्या खुणा छापलेल्या आहेत, त्या पुन्हा एकदा पाहून घ्यायच्या. उलटी लागली तर सगळी मेहनत वाया. नवी बसली. धूर विरला. मल्टिमीटर: ३.१.

सेव्हचे तीन रकाने होते. तिसरा मामाच्या मोठ्या भावाचा, सदतीस तासांवर थांबलेला. बॅटरी काढली तेव्हाच तिन्ही पुसले गेले.

(दृश्य: मामा टीव्हीकडे बघतोय. निवेदन नाही.)

आता पडदे. दर वेळी तोच प्रसंग लावायचा, असं मामाने ठरवलंय: ऑपेरा. सेलिस ही या खेळातली सेनापती, गाण्याशी तिचा संबंध नाही. पण नायिकेच्या जागी तिला रंगमंचावर उभं राहावं लागतं. आणि पुढची ओळ कुठली, हे आपल्याला, म्हणजे खेळणाऱ्याला, आठवावं लागतं. चुकलात तर प्रयोग फसला. मेकअप रूममध्ये संहिता ठेवलेली असते, ती आधीच पाठ करायची. ज्याच्या घरात संगीत नाटकाचं वेड आहे त्याला यातली धाकधूक समजावून सांगावी लागत नाही. या घरात ते आहे. मासुंदा तलावाकाठचं गडकरी रंगायतन इथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे, आणि आजींनी तिथल्या खुर्च्यांत बसून कितीतरी पदं ऐकलीत.

पहिला पडदा, डब्बा टीव्ही. सुपर निन्टेन्डोच्या ध्वनिचिपला एका वेळी आठच आवाज काढता येतात, आणि सगळ्या वाद्यांचे नमुने ६४ केबीत बसवावे लागतात. माणसाचा गळा त्यात मावणं शक्यच नव्हतं. म्हणून खेळाचे संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी सेलिसला गळ्यासारखं भासणारं वाद्य दिलं. ते शब्द उच्चारत नाही, नुसतं आळवतं. शब्द पडद्यावर उमटतात आणि ते गायचे कुणी? ते आपण मनात गातो. माझं मत याच जागी ठरलं, आणि ते मी लपवणार नाही. हा प्रसंग याच आवाजासाठी रचलाय.

आजींचा चेहरा बघा.

दुसरा पडदा, गेम बॉय ॲडव्हान्स. हे व्हर्जन जपानमध्ये २००६ साली आलं, अमेरिकेत २००७ च्या सुरुवातीला. भाषांतर नव्याने तपासलेलं. टेड वूल्सी यांना पहिलं इंग्रजी भाषांतर जेमतेम तीस दिवसांत उरकावं लागलं होतं, तेही जागेच्या मापात शब्द बसवत. मूळ खेळातला एक दोषही इथे दुरुस्त झाला. जुन्यात शस्त्राचा वार चुकवण्याचा आकडा पडद्यावर दिसतो, पण त्याचा उपयोग शून्य. इथे तो खरंच चालतो. वर एक नवी गुहा आहे, ड्रॅगनांची. पण सूर ऐका. तंबोरा पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखे.

टेबलावर नसलेली आणखी दोन व्हर्जनं आहेत. १९९९ चं प्लेस्टेशन व्हर्जन प्रत्येक लढाईआधी थांबतं, थांबायला लावतं. २०१४ साली मोबाईलवर आणि पुढच्या वर्षी पीसीवर आलेलं, पात्रं गुळगुळीत करून टाकलेलं व्हर्जन २०२१ मध्ये दुकानांतून काढून टाकलं. ज्यांनी तेव्हा घेतलं नाही, त्यांना ते आता विकत मिळत नाही.

तिसरा पडदा, स्विच. पिक्सेल रीमास्टर, म्हणजे जुनाच खेळ नव्याने घडवलेला, कन्सोलवर २०२३ पासून. ऑपेऱ्यात आता खरे गायक आहेत, सात भाषांत. रंगमंचाला खोली आलीय, कॅमेरा फिरतो, पडदा मखमली वाटतो. देखणं आहे, यात वाद नाही. भाची मान पुढे काढून बघतेय. आजींनी एव्हाना चष्मा काढून ठेवलाय.

पण या व्हर्जनमध्ये एक सोय आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. सेटिंग्जमध्ये जाऊन १९९४ चं मूळ संगीत लावता येतं. अक्षरंही जुन्या वळणाची घेता येतात. आणि कुठेही थांबून सेव्ह करता येतं. जुन्यात ठरावीक ठिकाणं सोडली तर खुल्या नकाशावर येईपर्यंत सेव्ह नाही. कॉलेज सुरू झालं की भाची खेळणार कुठे? लोकलमध्ये. ऐरोली आलं, रबाळे आलं, उतरायची वेळ आली तर काय करायचं?

(दृश्य: ठाणे स्टेशन, ट्रान्स-हार्बरचा फलाट, संध्याकाळ)

गाडी सुटते. बॅगेत स्विच आहे. पाठीमागे नौपाड्यात कार्ट्रिजचे स्क्रू पुन्हा बसलेत. ऑपेऱ्यापर्यंत पोचली की तो प्रसंग तिथल्या डब्बा टीव्हीवर, असं मामाने तिच्याकडून कबूल करून घेतलंय. भाची सेटिंग्ज उघडते. संगीत: मूळ.

बर्फातून तीन यंत्रं चालत येतात. बाहेर दिघा गाव स्टेशन येतं.