झाड धरणारी कुत्री

(दृश्य: जानेवारीतली सकाळ. अमेरिकेतल्या पूर्व टेनेसीतलं डोंगरउतारावरचं जंगल. ओक आणि हिकरीची पानं केव्हाच गळून गेलेली. एक माणूस ओंडक्यावर बसलाय.)

निवेदन :
या जंगलात आत्ता एक कुत्री कामाला लागली आहे. ती तुम्हाला दिसणार नाही, तिच्या मालकालाही दिसत नाहीये. तो नुसता कान देऊन बसलाय. ती गप्प आहे, म्हणजे शोध चालू आहे.

(आवाज: लांबून एक भुंकणं. क्षणभर शांतता. मग न थांबता, एका लयीत.)

झाड धरलं तिने.

इथली माणसं याला ‘ट्री’ करणं म्हणतात. खारीचा माग काढायचा, ती ज्या झाडावर चढली ते हुडकायचं, बुंध्यावर पुढचे पाय टेकायचे आणि माणूस येईपर्यंत भुंकत राहायचं. त्याला यायला दहा मिनिटं लागोत नाहीतर वीस. आपल्या लातूर-सोलापूरकडच्या कारवान कुत्र्याचं काम याच्या अगदी उलट. उघड्या माळावर ससा दिसला की त्याला वेगात गाठायचं. इथे दाट झाडीत वेगाचा काय उपयोग? खार झाडावर गेली की पळणं संपलं. मग लागतो तो आवाज, आणि जागा न सोडण्याचा हट्ट.

(दृश्य: घराच्या ओसरीवर दोन कुत्री. एक वाघासारख्या पट्ट्यांचा, मध्यम बांध्याचा. दुसरी लहान, टोकदार कानांची.)

निवेदन :
हा पट्टेवाला ‘माउंटन कर’. वजन साधारण १४ ते २७ किलो, आणि यातली बरीच पिल्लं जन्मतःच आखूड शेपटीची. शेजारची छोटी ‘ट्रीइंग फाइस्ट’, तिचं वजन जेमतेम आठ-दहा किलो. ही जात काही आजची नव्हे. जॉर्ज वॉशिंग्टनने १७७० सालच्या रोजनिशीत फाइस्टसारख्या दिसणाऱ्या एका पिवळ्या कुत्र्याची नोंद करून ठेवली आहे.

अ‍ॅपलेशियन डोंगरात वस्ती करणाऱ्या कुटुंबांकडे असा एखादा कुत्रा असायचाच. घर राखायचं, गुरं वळायची, उंदीर-घुशी मारायच्या आणि संध्याकाळच्या भांड्यात काहीतरी आणून द्यायचं, सगळं त्याच्याकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागातली हरणं जवळजवळ संपली होती. उरली होती ती खार. मग करप्याच्या रोगाने चेस्टनटची झाडं गेली, कोट्यवधी झाडं, आणि खारींचंही मोठं अन्न गेलं. ओक आणि हिकरीने तिला तगवलं.

कुत्र्यांवरचं संकट नंतर आलं. १९४०च्या दशकात डोंगरातली माणसं शहरांतल्या कारखान्यांकडे गेली आणि माउंटन कर दुर्मीळ झाला. १९५७ साली केंटकी, टेनेसी आणि व्हर्जिनियातल्या चार जणांनी उरलीसुरली कुत्री शोधून पैदाशीची संघटना उभी केली. आज दिसणाऱ्या बऱ्याच माउंटन करांचं मूळ त्या कुत्र्यांत सापडतं.

(दृश्य: अंगण. अडीच महिन्यांचं पिवळं पिल्लू. मालकाच्या हातात मासे धरायच्या गळाची काठी, दोरीच्या टोकाला खारीची वाळवलेली शेपटी.)

निवेदन :
शाळा सुरू होते ती अशी. शेपटी गवतावरून सरपटते, पिल्लू झेपावतं, शेपटी निसटते. दोन-तीनदा चुकल्यावर ते थांबतं, पोट जमिनीला टेकवतं आणि मग उडी मारतं. आता शेपटी झाडाच्या बुंध्यावरून वर जाते. पिल्लू मान वर करतं, खिंकाळल्यासारखा एक बारीक आवाज काढतं आणि पहिल्यांदा भुंकतं. मालक तिथेच खेळ आवरतो. पिल्लाची हौस फिटायच्या आत थांबायचं. हे कळायला माणसालाच वेळ लागतो.

काही जण पिंजऱ्यात जिवंत खार धरून पिल्लाला दाखवतात, मग ती झाडाजवळ सोडतात. कायदा जिथे परवानगी देतो तिथे हे चालतं. पण एक-दोनदाच. रोज पिंजरा दाखवला की पिल्लू पिंजऱ्यावर भुंकायला शिकतं आणि जंगलात गेल्यावर मालकाच्या तोंडाकडे बघत बसतं.

खरं शिक्षण जंगलातच. पाच-सहा महिन्यांचं झालं की त्याला मोकळं सोडायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं. सतत हाका मारणाऱ्या माणसाचा कुत्रा त्याच्या पायांपासून पन्नास पावलांपलीकडे जात नाही. हिवाळ्यात खार पुरलेली फळं उकरायला जमिनीवर उतरते. तिचा ताजा वास पानांवर राहतो. नाकाने वास, कानाने साल खरवडल्याचा आवाज, डोळ्याने हलणारी फांदी. चांगला कुत्रा तिन्ही वापरतो. खार एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत निघाली, तर वर बघत खालून धावतो आणि ती थांबेल ते झाड नव्याने धरतो.

जुन्या जाणत्या कुत्र्याबरोबर पिल्लू सोडावं का, यावर इथे तासन्‌तास वाद घालतात. थोडे दिवस सोडलं तर फायदा होतो. जास्त दिवस सोडलं तर ते ‘हो’ला ‘हो’ करायला शिकतं: थोरला भुंकला, म्हणून मीही भुंकलो.

(आवाज: दूरवर बंदुकीचा बार. पिल्लू भांड्यातून मान वर काढतं, पुन्हा खायला लागतं.)

निवेदन :
बंदुकीच्या बाराची सवयही अशीच लावायची, खाण्याच्या वेळी आणि लांबून. डोक्यावर अचानक बार काढला आणि पिल्लू बुजलं, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

आणि मग हरणं. विसाव्या शतकात ती इथे परत आली, भरपूर वाढली, आणि कुत्रा शिकवणाऱ्याची डोकेदुखी झाली. हरणामागे गेलेला कुत्रा दुसऱ्या डोंगरावर सापडतो. म्हणून गळ्यात जीपीएसचा पट्टा. मालकाच्या हातातल्या पडद्यावर कुत्रा कुठे आहे ते दिसतं, आणि झाड धरलं की तेही. काही पट्ट्यांना विजेच्या झटक्याची सोय असते. ते बटण अधीर माणसाच्या हाती देऊ नये. झटका चुकीच्या क्षणी बसला तर कुत्रा हरणाला नाही, झाडाला घाबरायला लागतो.

(दृश्य: पुन्हा जंगल. कुत्री मोठ्या हिकरीच्या बुंध्याशी उभी. दोन माणसं झाडाच्या दोन बाजूंना.)

निवेदन :
खार वर आहे. पण ती बुंध्याला चिकटते आणि माणूस जिकडे जाईल त्याच्या पलीकडच्या बाजूला सरकते. म्हणून दोघं लागतात. एक जण स्वस्थ उभा राहतो, दुसरा झाडाला वळसा घालतो. एकटा असाल तर पलीकडच्या झुडपावर काठी फेका, खार तुमच्या बाजूला येईल. ती सापडते बहुधा कानाच्या कडेमुळे, किंवा वाऱ्यावर हललेल्या शेपटीच्या केसांमुळे.

समजा, दिसलीच नाही. ढोलीत शिरली असेल, पानांच्या घरट्यात दडली असेल. किंवा झाड रिकामंच असेल. इथे मालकाची परीक्षा असते. झाड नीट न बघताच तो कुत्र्याला ओढून घेऊन गेला, तर कुत्र्याने पुढच्या वेळी घसा का फोडावा? रिकाम्या झाडाखाली पाठ थोपटली, तर कुत्रा कुठल्याही झाडावर भुंकेल. कुत्र्याने न दाखवलेली खार वाटेत दिसली म्हणून टिपली, तर तो नाक सोडून बंदुकीच्या मागे चालायला लागेल. पिल्लू शिकवण्याचं अर्धं काम म्हणजे ही पथ्यं. ती सगळी माणसाची.

(आवाज: पॉइंट टू-टू रायफलचा बारीक बार.)

निवेदन :
टेनेसीत मुख्य हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन फेब्रुवारीअखेर चालतो. दिवसाला एका शिकाऱ्यामागे जास्तीत जास्त १० खारी, शेजारच्या केंटकीत ६. पानं असताना वर काही दिसत नाही, उकाड्यात कुत्रं दमतं, म्हणून कुत्रेवाले थंडीची वाट बघतात. मांसाचं काय होतं? कोवळी खार तळतात. जून असेल तर मंद आचेवर शिजवून रश्श्यात पिठाचे गोळे सोडतात. शेपट्याही वाया जात नाहीत. विस्कॉन्सिनमधली मेप्स ही कंपनी माशांच्या गळांवर केस लावण्यासाठी त्या विकत घेते.

मराठी प्रेक्षकाला हे बघताना कसंसं होईल, हे साहजिक आहे. आपल्याकडे शेकरू हा राज्यप्राणी आहे, त्याला हात लावणं गुन्हा आहे, आणि घाटातल्या जंगलात ते आधीच मोजक्या पट्ट्यांत उरलं आहे. अमेरिकेतल्या राखाडी खारीची गोष्ट वेगळी. ती शहरांच्या बागांपासून डोंगरांपर्यंत सर्वत्र आहे.

(दृश्य: शनिवार सकाळ. मोकळ्या जागेत पिकअप गाड्या, मागे कुत्र्यांच्या पेट्या. कुणाच्याही हातात बंदूक नाही.)

निवेदन :
हंगामात अशा स्पर्धाही भरतात. बहुतेक ठिकाणी खार मारत नाहीत, ती दिसली की पुरे. कुत्र्याने झाड धरलं की मालक ते ठामपणे पंचाला सांगतो, वेळ लावली जाते आणि सगळे माना वर करून फांदी न्‌ फांदी धुंडाळतात. खार दिसली तर गुण मिळतात. ढोली किंवा घरटं असेल तर गुण मिळत नाहीत, जातही नाहीत. झाड उघडंबोडकं आणि रिकामं निघालं, तर तेवढेच गुण वजा होतात.

(आवाज: भुंकणं. एक मुलगी हात वर करते: “माझ्या कुत्र्याने झाड धरलं!” पंच घड्याळ सुरू करतो.)