चादरीच्या मागच्या बाजूला

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका बोळात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी लोक आत येतायेताच विचारायचे, "ट्यूब गेली का हो?" मग विचारायला लागले, "पॅनेल गेलं का?" आणि आता उन्हाळ्याची सुट्टी लागली की शाळेतली पोरं येतात आणि विचारतात, "काका, बुटाच्या खोक्याचा प्रोजेक्टर खरंच बनतो का? व्हिडिओत दाखवलाय."

बनतो. अगदी बनतो. दोनशे-अडीचशे रुपयांचं चार इंची भिंग, एक खोकं, काळा कागद आणि घरातल्या कुणाचा तरी मोबाईल, एवढंच लागतं. पण पोरं खोकं कापून, भिंग चिकटवून मोबाईल आत ठेवतात, भिंतीवर एक धूसर ढग उमटतो आणि ती हिरमुसतात. कारण खोक्याची लांबी किती असावी, हे व्हिडिओवाल्यानं सांगितलेलं नसतं.

आधी भिंगाचं नाभीय अंतर काढा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि खिडकीबाहेरचं लांबचं झाड भिंतीवर स्पष्ट उमटेपर्यंत ते मागंपुढं करा. मग भिंतीपासून भिंगापर्यंत पट्टीनं मोजा. समजा, वीस सेंटीमीटर आलं. आता मोबाईल भिंगापासून बावीस सेंटीमीटरवर ठेवलात, तर स्पष्ट चित्र भिंगापासून दोन मीटर वीसवर पडेल आणि मोबाईलच्या दहापट मोठं असेल. तोच मोबाईल फक्त एक सेंटीमीटर पुढं सरकवा, एकवीसवर. चित्र थेट चार मीटर वीसवर जातं आणि वीसपट होतं. सगळा खेळ त्या एका सेंटीमीटरचा. म्हणून मोबाईल कशाला चिकटवायचा नाही; खोक्यात मागंपुढं सरकणारा पुठ्ठा करायचा आणि त्यावर तो उभा करायचा.

भिंगातून चित्र उलटं पडतं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पोरं म्हणतात, मग मोबाईल उलटा ठेवू. ठेवा. चित्र सुलटं होतं, पण अक्षरं आरशातल्यासारखी दिसायला लागतात. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. त्यावर उपाय म्हणजे वाटेत एक आरसा ठेवायचा. पण घरातल्या आरशाला पारा काचेच्या मागच्या बाजूला असतो, त्यामुळं काचेची पुढची बाजूही एक फिकट चित्र परत पाठवते आणि भिंतीवर प्रत्येक माणसाला एक भूत चिकटतं. दुसरा उपाय मला माझ्या आईनं शिकवला. तो पुढं येईलच.

आता उजेडाचं बघू. चित्र दहापट लांब झालं की दहापट रुंदही होतं, म्हणजे तोच उजेड शंभरपट जागेवर पसरतो. त्यात मोबाईलचा उजेड चहूकडे जातो आणि त्यातला जेमतेम विसावा हिस्सा भिंगाच्या तोंडात शिरतो. मी एकदा हिशेब मांडून पाहिला. दहापट चित्राला भिंतीवर जो उजेड मिळतो, तो पौर्णिमेच्या टिपूर चांदण्याच्या चारेक पट निघाला. चांदणं म्हणजे काय ते सोमेश्वरच्या धबधब्याकडे रात्री गेलेल्यांना ठाऊक असेल. त्यात माणूस ओळखू येतो, पेपर वाचता येत नाही. तेव्हा खोक्याच्या प्रोजेक्टरसाठी खोली काळीकुट्ट हवी. दाराखालच्या फटीलासुद्धा पायपुसणं लावायचं.

एवढं करून जे दिसतं ते कडेला पुसट असतं, रंगांना जांभळी किनार असते, आणि तरीही पोरं तोंडाचा आ वासून बघतात. दुकानात नवा टीव्ही लावून दिला तर कुणी आ वासत नाही.

आपल्या नाशिककरांना यात नवल वाटायला नको खरं तर. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आपण तिथं पोरांना घेऊन जातो, फोटो काढतो आणि परत येतो. चित्रपट काढायचं त्यांच्या डोक्यात बसलं, तेव्हा त्यांनी काही रिळं आणली आणि मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून रात्र रात्र भिंतीवर ती चित्रं पाहिली. डोळ्यांवर परिणाम होईपर्यंत. म्हणजे आमच्या खोक्याचंच थोरलं भावंड. पण पुढचं लक्षात घ्या. चित्रपट काढायची वेळ आली, तेव्हा फाळक्यांनी कॅमेरा घरी ठोकूनठाकून बनवला नाही. १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यम्सन कॅमेरा विकत घेऊन आले. पटकथा स्वतःची, दिग्दर्शन स्वतःचं, फिल्म धुणं घरचंच. कॅमेरा मात्र विकतचा. काय हातानं करायचं आणि कशाला पैसे मोजायचे, हे त्या माणसाला बरोब्बर कळत होतं.

मला ते कळायला एक वर्ल्ड कप जावा लागला.

२०११ ची गोष्ट. एक क्लास बंद पडला होता आणि त्यांचा ओव्हरहेड प्रोजेक्टर भंगारात आला होता. पारदर्शक कागदावर लिहून भिंतीवर दाखवायचं ते यंत्र. खाली दिवा, वर काच, त्यावर दांडीला भिंग आणि आरसा. मी तो नऊशे रुपयांना घेतला. दुकानात एक पंधरा इंची मॉनिटर पडून होता, बॅकलाइट म्हणजे पडद्यामागचा दिवा गेलेला, गिऱ्हाईक परत फिरकलंच नव्हतं. विचार असा, की मॉनिटर सोलायचा, मागचा पत्रा आणि पांढऱ्या शीट काढायच्या, नुसतं काचेचं पॅनेल त्या यंत्रावर ठेवायचं आणि खालून चारशे वॅटचा हॅलोजन लावायचा. म्हणजे टीव्हीचं चित्र थेट आठ फुटी.

पॅनेल सोलणं हे कांद्याचा पापुद्रा न फाडता काढण्यासारखं आहे. काचेच्या कडेला रिबन असते, केसाहून बारीक तारांची. ती एकदा दुमडली की पडद्यावर उभी रेघ येते आणि ती रेघ देवसुद्धा दुरुस्त करू शकत नाही. तीस वर्षं हातात सोल्डरिंग आहे म्हणून निभावलं. तरी यंत्राची काच २८५ मिलिमीटरची आणि पॅनेल ३०४ चं, म्हणून दोन्ही बाजूंना बोटभर चित्र कापलं जायचं. स्कोअर नेमका त्या बोटात.

आणि उष्णता. रंगीत पॅनेलमधून सात-आठ टक्केही उजेड पलीकडे जात नाही. निम्म्याहून जास्त तर पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेचा उजेड गाळून सोडणारी, फिल्मच अडवते, उरलेल्यातलं बरंचसं लाल-हिरवे-निळे ठिपके गिळतात. गिळलेला उजेड जातो कुठं? तिथंच तापतो. म्हणून मी जुन्या कॉम्प्युटरचे दोन पंखे लावले. आवाज असा, की वाड्यात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटावं.

२ एप्रिलला फायनल. आमच्या वाड्याच्या चौकात कपड्यांच्या दोरीवर डबल बेडची पांढरी चादर टांगली. श्रीलंकेची बॅटिंग उन्हातच गेली, चादरीवर ढिम्म दिसलं नाही. अंधार पडला, सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, आणि पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "अरे, गंभीर उजव्या हातानं का खेळतोय?"

झालं होतं असं, की रिबन मागच्या बाजूला वळणारी, सरळ ठेवलं की सर्किट यंत्राच्या कडेला अडायचं, म्हणून मी पॅनेल पालथं ठेवलं होतं. सगळं मैदान आरशात गेलेलं. मलिंगा डावखुरा. जाहिराती उर्दूसारख्या उजवीकडून वाचायच्या. वाड्यातल्या पोरांनी मला जे काही ऐकवलं ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही.

आई ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "अरे, एवढं काय, पलीकडे जाऊन बसा की."

तिच्या लहानपणी गणपतीत बोळात आडवा पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढं पुरुष, मागं बायका. मागच्यांना सगळं उलटं दिसायचं. तिनं कितीतरी नायकांना डाव्या हातानं तलवार चालवताना पाहिलं होतं. इथं चित्रच उलटं, म्हणजे मागून सुलटं. सगळा वाडा सतरंज्या उचलून चादरीच्या मागं गेला. दिसायला जरा अंधुक, तर आई म्हणाली, "चादर ओली करा." ओल्या कापडातून उजेड जास्त पलीकडे येतो. सिनेमाचे जनक मानल्या जाणाऱ्या लुमिए बंधूंनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात दोन्ही बाजूंनी बघता यावं म्हणून आपला अवाढव्य पडदा पाण्यानं भिजवला होता, हे मी फार नंतर वाचलं. आईनं काही वाचलेलं नव्हतं. नाशिकचा एप्रिल, चादर पंधरा मिनिटांत वाळायची. मग एका पोराला नुकत्याच झालेल्या रंगपंचमीची पिचकारी देऊन बसवलं. पिचकारीत रंग उरलेला होता. वानखेडेचं गवत थोडं गुलाबी झालं.

हे सगळं आत्ता का सांगतोय, तर मागच्या वर्षी एक गिऱ्हाईक छोटा प्रोजेक्टर घेऊन आलं. पाच-सहा हजारांचा, ऑनलाइन मागवलेला. पडद्यावर पिवळा डाग आला होता. मी तो उघडला आणि हसायलाच लागलो. आत एक पांढरा एलईडी, पुढं रेघारेघांचं प्लॅस्टिकचं फ्रेनेल भिंग, मग चारेक इंची एलसीडी पॅनेल, परत फ्रेनेल, एक आरसा आणि शेवटी भिंग. माझंच यंत्र! फक्त मुठीत मावेल एवढं केलेलं. आणि रोगही तोच. जाळीत धूळ बसली, पंख्याला हवा मिळेना, पोलरायझर भाजला.

तेव्हा स्वस्त प्रोजेक्टर घेताना आपण वेगळं काहीतरी घेतोय, या भ्रमात राहू नका. खोक्यावर "१०८० पी सपोर्ट" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तेवढं चित्र आत घेतो, एवढाच. बाहेर किती ठिपके टाकतो ते "नेटिव्ह" शब्दापुढं लिहितात, आणि तिथं कित्येकदा ८०० गुणिले ४८० निघतं. लुमेन म्हणजे उजेडाचं माप, त्याचे आकडेही हजारांत फेकतात. "एएनएसआय लुमेन किती?", म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीनं मोजलेले किती, असं विचारा, दुकानदार विषय बदलायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं. शक्य असेल तर दुकानात लाइट चालू ठेवून चित्र बघा, तेही सिनेमाचं नको, अक्षरांचं. चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात का बघा.

आणि घरी जाऊन आधी खोली मोजा. शंभर इंची पडदा म्हणजे साधारण सात फूट रुंद. बहुतेक प्रोजेक्टरना त्यासाठी नऊ-दहा फूट मागं जावं लागतं. सिडकोतल्या दहा फुटी हॉलमध्ये प्रोजेक्टर मागच्या भिंतीला टेकतो आणि सोफा कुठं ठेवायचा, यावरून घरात वाद होतो. काळा रंग तर कुठलाच प्रोजेक्टर फेकू शकत नाही. दिवा बंद असताना तुमची भिंत जेवढी काळी, तेवढाच सिनेमातला काळा. हजार लुमेन वाढवण्याआधी जाड पडदे शिवून घ्या, ते स्वस्त पडतात.

मला विचाराल तर ऑफिसातून निघालेला जुना डीएलपी, म्हणजे बारीक आरशांच्या चिपचा, प्रोजेक्टर या स्वस्तातल्या नव्यापेक्षा बरा. त्याचे लुमेन कागदावरचे नसतात. मेनूमध्ये दिवा किती तास जळलाय ते दिसतं, ते बघा; नवा दिवा महाग असतो. चित्रात पांढरे ठिपके चांदण्यांसारखे दिसले तर हात जोडून परत या. आतल्या चिपवरचे बारीक आरसे अडकलेत, चिपच बदलावी लागते.

आणि माझ्यासारखं मॉनिटर सोलून यंत्र? ज्याला क्रिकेटपेक्षा पेचकस जास्त आवडतो त्यानं करावं. तेही एलईडी लावून. मेटल हॅलाइड नावाच्या प्रखर दिव्याच्या आणि त्याच्या चोकच्या नादी कुणी लागू नका. पेटताना तो हजारो व्होल्ट मारतो आणि बाहेरची काच फुटली तर अतिनील किरण डोळ्यांत जातात. शाळेतल्या पोरांनी खोक्यावरच थांबावं.

फायनलचं राहिलं. गंभीर सत्त्याण्णववर बाद झाला, तोवर सगळं ठीक होतं. मग चादरीच्या मधोमध, बरोबर खेळपट्टीवर, शाईचा थेंब पडावा तसा काळा डाग उमटला आणि पसरायला लागला. पॅनेल तापलं की त्यातलं द्रव स्फटिकपण सोडतं आणि काळं पडतं. मी दिवा बंद केला. अख्खा वाडा शेजारच्या काकूंच्या एकवीस इंची टीव्हीसमोर जाऊन कोंबला. मी पुठ्ठ्यानं पॅनेलला वारा घालत बसलो. आईचे गुडघे दुखत होते, ती चादरीमागं जागेवरच राहिली.

मग सगळ्या गावातून एकदम आवाज उठला. फटाके, थाळ्या, कुणीतरी स्कूटरचा हॉर्न दाबून धरलेला. धोनीचा षटकार मी ऐकला, असंच म्हणायला हवं. दिवा परत लावला. काळा डाग हळूहळू आकसत गेला आणि चादरीवर सचिन दिसला, पोरांच्या खांद्यांवर, हातात तिरंगा.

पलीकडून आईचा आवाज आला, "अरे, पाणी मार जरा. वाळलीय, नीट दिसत नाहीये."