न्यायला कोण आलंय?

(भायखळा. दिवेलागण. रस्त्याच्या पलीकडून दिसणारं फाटक.)

या भिंतीमागे बायकांचं कारागृह आहे. आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून आपण इथेच थांबलोय. कोर्टाचा हुकूम येतो, कागद जुळवले जातात, सह्या होतात, आणि बाई बाहेर येईतो पुष्कळदा अशी संध्याकाळ झालेली असते. तिला तिथे एक प्रश्न हमखास विचारतात : न्यायला कोण आलंय?

आज ताई आल्यात, सुटणाऱ्या बायकांना घरापर्यंत पोचवायचं काम करणाऱ्या. खांद्याला शबनम, हातात पाण्याची बाटली. तासाभरापासून उभ्या आहेत.

(पावलं. चप्पल. प्लास्टिकची पिशवी.)

आज सुटलेल्या या बाईचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, नावही सांगणार नाही. खटला चालू आहे, आणि तिला गावात राहायचंय. मूळची जालना जिल्ह्यातली. नवऱ्यासोबत मुंबईत आली, नाक्यावर उभी राहून बिगारीकाम केलं. आत होती 2 वर्षं 7 महिने. शिक्षा झालेली नाही. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तिघं असे न्यायबंदी आहेत. त्यात बायका एकूण कैद्यांच्या जेमतेम 4 टक्के. एवढ्या थोड्या, की सगळ्यांचं झाल्यावर कोणाला तरी त्यांची आठवण होते.

पिशवीत दोन साड्या, खटल्याचे कागद आणि अटकेच्या दिवशी जमा केलेला बटणाचा मोबाइल. स्टेशनाबाहेरच्या तीन टपऱ्यांवर ताईंनी त्याच्या बारीक पिनचा चार्जर विचारला. मिळाला नाही. सिम तर केव्हाच बंद पडलंय. आधारला तोच नंबर जोडलेला, बँकेच्या खात्यालाही तोच. ओटीपी येणार कुठे?

(ताईंची वही. पानं उलटताना.)

ही संध्याकाळ उजाडायला पाच महिने लागले. त्यातलं बरंचसं या वहीत आहे.

जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार नव्हता. मुंबईत तिच्यासाठी कोण उभं राहणार? सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सांगितलंय, जामीन मिळून 7 दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. गरीब कैद्याची जामिनाची रक्कम भरायची योजनाही त्याच वर्षी आली, 40,000 रुपयांपर्यंत. पण नियम आपण होऊन चालत येत नाही, त्याला कोणीतरी हाताला धरून आणावं लागतं. ताईंनी अर्ज लिहिले, वकिलांच्या मागे लागल्या, तारखांना बसल्या. शेवटी कोर्टानं जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय तिच्याच लेखी हमीवर, सोडलं.

तिकडे कोर्ट चालू असताना इकडे घर शोधणं. हे काम कोणी मोजत नाही, आणि सगळं त्यावरच अडलेलं असतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प मुंबईत 1990 पासून तुरुंगातल्या माणसांसोबत काम करतोय. त्या वाटेवर आता आणखीही काही जणी आहेत. त्या सगळ्यांचं सांगणं एकच : सुटकेची तयारी आत असतानाच करावी लागते. फाटक उघडल्यावर फार उशीर झालेला असतो.

(गावाचा रस्ता. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा.)

ताई या गावात तीनदा आल्या. गाडी करून नाही, एसटीनं. अनोळखी गाडी दारात थांबली की गल्ली गोळा होते. पहिल्या खेपेला सासरी गेल्या. दीर उंबऱ्यातूनच म्हणाला, "आमच्या लेखी ती मेली." दुसऱ्या खेपेला माहेरी. हीच ती ओसरी. आईनं गावात सांगून ठेवलं होतं, पोरगी मुंबईला बंगल्यावर कामाला आहे. ताईंनी ते खोटं पाडलं नाही. खाली बसल्या, तांदूळ निवडू लागल्या. तास गेला, दोन तास गेले. उठायच्या वेळेला म्हातारीनं विचारलं, "जेवण मिळतं का तिला पोटभर?"

तिसऱ्या खेपेला मामा बोलले. ते म्हणाले, "येऊ द्या."

नात आजीकडेच वाढतेय, आठ वर्षांची. आईबाप तुरुंगात असतील तर मुलांना बाल संगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. घरात कोणालाच माहीत नव्हतं. शाळेचा दाखला, तुरुंगाचं पत्र, आजीचं बँक पासबुक... या वहीची चार पानं नुसती त्या अर्जाची आहेत.

(दादर. रात्रीची देवगिरी एक्सप्रेस. जनरलचा डबा.)

सुटकेचा दिवस आधी ठरत नाही, मग आरक्षण कुठलं? दोघी दाराजवळ बसल्यात. पिशवी तिनं मांडीवरच ठेवलीय. ताईंनी दोनदा सांगितलं, खाली ठेव. ठेवली नाही.

(पहाट. जालना स्टेशन. मग एसटी. मग ओसरी.)

(मुलगी दारात. या दृश्यावर निवेदन नाही.)

(आधार केंद्र. बोटांचे ठसे.)

नवीन सिम, आधारला नवीन नंबर. दुसरी चक्कर तहसीलला, रेशनकार्डावर नाव चढवायला. मुलगा सासरीच आहे, त्याला अजून भेटू दिलेलं नाही.

(कापसाचं शेत. हात.)

वेचणीला ती जाते. मजुरी किलोवर. पहिल्या दिवशी बोंडांच्या टोकांनी बोटं सोलली, आता सवय झालीय. शेजारच्या ओळीतल्या बायका मुंबईचं विचारत नाहीत. ताईंच्या मते त्यांना सगळं ठाऊक आहे.

पुढची तारीख आली की पुन्हा मुंबई. जालन्यापर्यंत एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पुढे रेल्वे. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

(भायखळा. दिवेलागण. तेच फाटक.)

ताई आज दुसऱ्या कोणासाठी तरी उभ्या आहेत. शबनममध्ये बारीक पिनचा एक चार्जर आहे.