दंडाच्या हाडाचा पीळ

(दृश्य : गुहागरची पुळण. टेनिस बॉल क्रिकेटचा सामना. सीमारेषेवरून फेक, संथगतीत.)

चेंडू सुटण्याआधीचा हात बघा. दंड बाजूला उचललेला, कोपर वाकलेलं, पंजा डोक्यामागे. खांदा पुढे निखळतो तो बहुतेकदा हाताच्या याच ठेवणीत.

(दृश्य : टेबलावर दंडाचं हाड, जवळून.)

वर गोल डोकं, खाली कोपर. कोपराकडचा भाग समोर धरला, तर डोकं नुसतं आतल्या बाजूला बघत नाही, थोडं मागे वळलेलं असतं. या वळणाचा कोन म्हणजे हाडाचा पीळ. मोठ्या माणसात तो सरासरी 20 ते 30 अंश, पण माणसामाणसांत फरक फार. तान्ह्या बाळात तो याच्या दुपटीच्या आसपास असतो आणि वाढीबरोबर उलगडतो, बराचसा आठव्या वर्षापर्यंत. दंडाची सुमारे 80 टक्के लांबी वरच्या टोकाच्या वाढीच्या पट्टीतून येते. लहानपणापासून जोरात फेकणाऱ्या मुलांत याच पट्टीवर ताण येतो आणि पीळ पुरता उलगडत नाही. म्हणून फेकीच्या हातात तो दुसऱ्या हातापेक्षा जास्त, अनेकदा 10 अंशांहूनही.

(दृश्य : सोनोग्राफीची खोली. खेळाडू उताणा झोपलेला.)

मोजायला दोन माणसं लागतात. दंड बाजूला 90 अंशांत, कोपर 90 अंशांत वाकवलेलं. पहिला माणूस जेल लावून प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, खांद्याच्या पुढच्या अंगावर आडवा ठेवतो. प्रोबला बुडबुड्याची छोटी पाणसळ चिकटवलेली आहे. बुडबुडा मधोमध राहिलाच पाहिजे.

(दृश्य : पडद्यावर दोन उंचवटे, मधे खाच.)

ही दंडाच्या हाडावरची बायसेप्सची खाच, बायसेप्स स्नायूची दोरी हिच्यातून जाते. दुसरा माणूस हात हळूहळू फिरवतो. दोन्ही उंचवट्यांची टोकं पडद्यावर एका आडव्या रेषेत आली, की थांबायचं. मग इनक्लिनोमीटर, म्हणजे कल मोजायचं उपकरण, मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूच्या हाडावर टेकवून कोन वाचायचा. हात सोडायचा, पुन्हा मोजायचं. तीन वेळा, मग सरासरी. दुसऱ्या खांद्यालाही तसंच.

चुकतं ते इथेच. प्रोब कलला की उंचवट्यांची रेषा फसवते. कोपर कमी-जास्त वाकलं, किंवा मोजताना खांदा पलंगावरून उचलला गेला, तर आकडा हलतो. आणि हा कोन खाचेवरून काढलेला आहे, हाडाच्या डोक्यावरून थेट नाही. त्यामुळे दोन बाजूंमधल्या फरकावर भिस्त ठेवायची. थेट कोन हवा तर सीटी स्कॅन. त्यात खांदा आणि कोपर एकाच वेळी घ्यावे लागतात, मधे हात हलला तर सगळं वाया. शिवाय किरणोत्सर्ग.

(दृश्य : खांदा आत-बाहेर वळवून तपासणी.)

फेकीचा हात आत कमी वळतो, बाहेर जास्त. लगेच 'खांदा आखडलाय' म्हणून ताण देणं सुरू होतं. पण दोन बाजूंच्या पिळातला फरक वजा केला, तर पुष्कळदा आखडलेलं काही उरतच नाही. हाड ताणून सरकत नसतं! उलट, सांध्याचं आवरण विनाकारण ताणलं जातं.

निखळण्याशी संबंध? पीळ कमी असलेल्या खांद्यात डोकं तुलनेने पुढे रोखलेलं राहतं. वारंवार निखळणाऱ्या खांद्यांत काही अभ्यासांना पीळ कमी आढळला, काहींना फरक दिसला नाही. एकट्या आकड्यावरून निदान होत नाही. हाडाचं डोकं ज्यात बसतं त्या वाटीची कड फाटली आहे का, तिचं हाड किती झिजलं, हाडाच्या डोक्याला मागे खड्डा पडला आहे का, हे बघावंच लागतं. तो खड्डा मोठा असेल तर दंडाचं हाड कापून पीळ वाढवायची शस्त्रक्रिया वेबर आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये मांडली होती.

विशीच्या आत एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळायची शक्यता मोठी.

(दृश्य : रुग्णालयाबाहेर रांग.)

गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र उचलून मैदानात नेता येत नाही. खेळाडूलाच नोंदणी झालेल्या केंद्रावर यावं लागतं. खांद्याच्या सोनोग्राफीला तो आलाच, तर त्याच प्रोबने, त्याच पलंगावर पीळही मोजून होतो. डावा किती, उजवा किती, हे दोन आकडे रिपोर्टवर लिहून घ्या.