आधी टेप, मग टायर

(दृश्य : काढून ठेवलेला जुना शॉकॲब्सॉर्बर, हाताने दाबताना)

जुन्या ट्रकला नवे शॉक आणि मोठे टायर घालायचेत. आधी जुन्या शॉकचा हा दांडा बघा. दाबला की आत, ओढला की बाहेर. सायकलच्या पंपालाही याहून जास्त जोर लागतो.

आत तेल असतं. पिस्टनच्या बारीक झडपांतून ते पुढे-मागे ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी उष्णता होऊन जिरते. बाहेरच्या नळीवर हा जो तेलकट मातीचा थर दिसतोय ना, तो म्हणजे आतलं तेल केव्हाच वाटेला लागलं.

मात्र शॉक गाडीचं वजन पेलत नाही. ते काम पाट्यांचं, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. जुन्या ट्रकची मागची बाजू बसली म्हणून कुणी नवे शॉक सुचवले, तर आधी वाकून पाट्यांकडे बघा.

(दृश्य : चॅसीखाली जॅक, लोंबलेला एक्सल, टेप)

आता चॅसी उचलली. एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, पूर्ण लोंबला. शॉकच्या दोन्ही टोकांच्या कडीत रबरी बुश असतो. वरच्या बुशच्या मध्यापासून खालच्या बुशच्या मध्यापर्यंत टेप लावायची. नवा शॉक ताणल्यावर याहून थोडा लांबच हवा, नाहीतर एक्सलचं सगळं वजन शॉकच्या टोकाच्या कडीलाच लटकेल.

मग उलटं माप. एक चाक उतारावर चढवलं, एक्सल वर चॅसीला आदळू नये म्हणून असलेला रबरी बंपर पुरता दबला. शॉक मिटल्यावर या अंतरापेक्षा आखूड हवा. आधी बंपर टेकला पाहिजे, शॉकचा तळ नव्हे. ही दोन मापं कागदावर असल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये, असं माझं मत.

(दृश्य : कापून उघडलेले दोन शॉक)

डावीकडे एक नळी. तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. उष्णता चटकन बाहेर जाते. लांब खडबडीत रस्त्यावर भरवशाचा. उजवीकडे नळीत नळी. हा लवकर तापतो. पण दगड लागून बाहेरची नळी चेपली, तरी आतला पिस्टन चालत राहतो. एकनळीत तीच चेप पिस्टनला अडकवते. दगडधोंड्यांतून हळू जाणाऱ्या ट्रकला मी उजवीकडचा घेईन, दिसायला साधा असला तरी.

(दृश्य : जुना आणि नवा टायर शेजारी-शेजारी)

जुना 235/75 आर 15, व्यास साधारण 734 मिलिमीटर. नवा 31 इंची, म्हणजे 787. नजरेला केवढा फरक! पण टायर जमिनीपासून एक्सलला उचलतो तो फक्त निम्म्या फरकाने. 27 मिलिमीटर. दोन बोटं म्हणा. शॉक कितीही लांब घेतले, तरी एक्सलच्या मधल्या डिफरेन्शियलचा, म्हणजे गिअरच्या डब्याचा, फुगवटा वर जातो तो एवढ्यानेच.

(दृश्य : टायरच्या कडेला खडू, स्टिअरिंग पूर्ण वळवताना)

टायरच्या खांद्यावर खडू घासायचा. एक चाक उतारावर, स्टिअरिंग शेवटपर्यंत. मडगार्डच्या आत पांढरी रेघ उमटली, की घासतोय. इथे उमटली. पाट्याजवळही.

मोठ्या चाकाला ब्रेक जास्त दाबावा लागतो, चढावर इंजिन दमतं, आणि स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 86च्या आसपास असते.

(दृश्य : ट्रकच्या मागे, पाचवा टायर)

चारही चाकांना जोर देऊन चालवायची, तर स्टेपनीही त्याच मापाची लागते. ती जुन्या जागेत बसली नाही.